उत्तर सांगायची घाई नको

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात 'लहान मुलं, ऋतू आणि विज्ञान' या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले एक-दोन आकडे लिहिताना घातले आहेत.)



सचिवांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला घड्याळाचा धाक असतो, त्यामुळे तुमचं जेवण थंड होणार नाही याची हमी देतो. विषय मात्र मी मागून घेतला. त्यावर दोघा-तिघांनी विचारलं, 'साहेब, तुम्ही कॉमर्सवाले, विज्ञानावर काय बोलणार?' प्रश्न रास्त आहे. मी शास्त्रज्ञ नाही आणि शिक्षकही नाही. आयुष्यभर एकच काम केलं. रोजची नोंद रोज करायची आणि टॅली लागल्याशिवाय घरी जायचं नाही. लहान मुलांच्या विज्ञानाला भांडवल एवढंच लागतं. एक वही, एक पेन्सिल, आणि टॅली लागेपर्यंत थांबायची तयारी.

गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी आपल्या सोसायटीतली चार ते आठ वर्षांची आठ-दहा पोरं आणि मी बी विंगच्या मागच्या कोपऱ्यात जमतो, हे तुम्हाला माहीत आहे. 'आजोबांचा टाइमपास' असं त्याला नावही पडलं आहे. त्या टाइमपासचा आज हिशोब देतो, आणि शेवटी सभासदांकडे एक मागणी करणार आहे.

आधी मुद्दा सांगतो. चार वर्षांचं मूल दिवसभर 'का' विचारतं. आपण दमलेले असतो, म्हणून पटकन उत्तर देऊन मोकळे होतो. हल्ली तर मोबाईललाच विचारायचं. उत्तर मिळतं, बहुधा बरोबरही असतं, पण मूल पाच मिनिटांत ते विसरतं, कारण त्याच्या हाताला काही लागलेलं नसतं. हळूहळू ते विचारणंही कमी करतं. मग आठवी-नववीत आपण म्हणतो, याला सायन्सची आवडच नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की लहान मुलाला उत्तर सांगायची घाई करू नका. त्याला हात लावू द्या, मोजू द्या, वाट बघू द्या. वाट बघायला लावायचं काम आपले ऋतू फुकटात करतात. मृगाचा पाऊस जूनशिवाय येत नाही आणि पळस फाल्गुनाच्या आधी घाईनं फुलत नाही. पोराला थांबावंच लागतं.

पावसाळा

७ किंवा ८ जूनला मृग लागतं. पहिले एक-दोन पाऊस झाले की मातीतून लालभडक मखमली किडा वर येतो. आपण त्याला मृगाचा किडा म्हणतो. मुलांना तो दाखवायचा आणि फक्त म्हणायचं, 'पाय मोज.' झुरळाचे सहा, मुंगीचे सहा. याचे मोजले तर आठ! मग कोळ्याचे मोजायचे, तेही आठ. गेल्या वर्षी सहा वर्षांची एक मुलगी मला म्हणाली, 'आजोबा, हा किडा नाहीच, हा कोळ्यांच्यातला आहे.' जीवशास्त्रही तेच म्हणतं. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं काम म्हणजे पाऊस मोजायचा. आमच्या पर्जन्यमापकाची किंमत शून्य रुपये. सरळ बाजूंची प्लास्टिकची मोठी बाटली घ्यायची. वरचा निमुळता भाग मोठ्या माणसानं कापायचा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा त्याच बाटलीत बसवायचा. तळाला खळगे असतात, म्हणून खाली खडे टाकून त्यांच्यावर येईल इतकं पाणी भरायचं. ती पातळी म्हणजे शून्य. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. बाटली गच्चीवर उघड्यावर ठेवायची, टाकीच्या आडोशाला नको. वाऱ्यानं पडू नये म्हणून चारी बाजूंनी विटा लावायच्या. सकाळी साडेआठला आकडा वहीत लिहायचा आणि पाणी परत शून्यावर आणायचं. हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊससुद्धा सकाळी साडेआठलाच मोजतात, हे सांगितल्यावर पोरांची कॉलर ताठ झाली.

पाच वर्षांच्या मुलाला मिलिमीटर कळत नाही, कळायची गरजही नाही. 'काल बोटभर, आज पेरभर' एवढं त्याला कळतं. आकडा त्याचा आठ वर्षांचा भाऊ लिहितो. मोठ्यांसाठी हिशोब असा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. साताऱ्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस धरा आणि गच्ची चारशे चौरस मीटरची धरा. चार लाख लिटर पाणी दरवर्षी आपल्या डोक्यावर जमा होतं आणि गटारात जातं. हा प्रश्न एका दुसरीतल्या मुलानं मला विचारला होता. आपल्या कमिटीनं अजून विचारलेला नाही.

आता सांगलीची गोष्ट सांगतो. माझी निम्मी नोकरी सांगली जिल्ह्यात झाली. २००५ च्या पुरात मी सांगलीतल्याच शाखेत होतो. तेव्हा अख्खं गाव एकमेकांना एकच प्रश्न विचारायचं, 'किती फूट?' म्हणजे १९२९ सालच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं.

माझी मुलगी आता सांगलीतच असते, नदीपासून फार लांब नाही. जुलै २०२१ च्या पुरात त्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं. नात तेव्हा तीन वर्षांची होती. अंधारात आईच्या कडेवरून जिना चढलेला तिला किती आठवतो, कोण जाणे. पण पुढचे दोन पावसाळे असे गेले, की पत्र्यावर पाऊस वाजला की ती आईला चिकटायची, 'पाणी येणार का?' विचारायची आणि झोपायची नाही. सगळ्यांनी समजावलं. 'नाही येणार, बाळा,' असं शंभरदा सांगून झालं. तिचा विश्वास बसेना. आणि का बसावा? मागच्या वेळीही कुणीतरी तिला तेच सांगितलं असणार.

ती पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्याही गच्चीवर एक बाटली बसली. रोज संध्याकाळी फोन यायचा, 'आजोबा, तुमचा किती?' एका आठवड्यात असं झालं, की तिची बाटली जवळजवळ कोरडी, आमची भरलेली, आणि तिकडे आयर्विन पुलाखाली पाणी चढायला लागलं. तिनं विचारलं, 'आमच्याकडे पाऊस नाही, मग नदी कशी वाढली?' मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, 'रविवारी इकडे ये, आपण नदीलाच विचारू.'

रविवारी आम्ही संगम माहुलीला गेलो. घाटाच्या अगदी वरच्या पायरीवर उभे राहिलो, तिचा हात आईच्या हातात. एकीकडून कृष्णा येते, दुसरीकडून वेण्णा. दोन्ही महाबळेश्वरच्या डोंगरातून आलेल्या. तिथं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिनं विचारलं, 'दोन नद्या मिळून कुठं जातात?' 'कऱ्हाडला. तिथं कोयना मिळते.' 'मग?' 'मग तूच सांग.' ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, 'म्हणजे तुमच्या बाटलीतलं पाणी आमच्याकडे येतं!'

त्या दिवसापासून तिच्या वहीत तीन रकाने झाले. सांगलीचा पाऊस, साताऱ्याचा पाऊस, आणि पुलाचे फूट. ४० वर तिनं लाल रेघ मारली. त्याच पावसाळ्यात एका रात्री जोराची सर आली. मुलगी सांगते, पोर उठून बसली, वही काढली, बघितलं आणि म्हणाली, 'आई, आज सव्वीस फूटच आहे. झोपू या.'

तिची भीती गेली, असं मी म्हणत नाही. २०१९ साली ५७ फुटांच्या वर पाणी बघितलेल्या सांगलीनं पावसाला थोडं भ्यावंच. पण कधी भ्यायचं आणि कधी झोपायचं, हे आता तिला तिचं कळतं. विज्ञान मुलांना कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी ही वही दाखवतो.

पावसाळ्याच्या शेवटी कास. २०१२ साली सह्याद्रीच्या रांगेबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेलं पठार आपल्या घरापासून तासाभरावर आहे आणि आपण तिथं पोरांचे फोटो काढून परत येतो. पुढच्या वेळी एक भिंग न्या. दवबिंदू नावाची चिमुकली वनस्पती बघा. पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, त्यात किडा अडकतो आणि झाड तो पचवतं. शेजारीच निळी-जांभळी सीतेची आसवं असतात. त्यांचे सापळे तर मातीखाली, पाण्यात. मुलांना विचारायचं, 'झाडाला किडा कशाला लागत असेल?' आणि मग त्यांना खालची माती दाखवायची. कातळावर बोटभर थर, पावसानं धुतलेला, कस नसलेला. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की पोरं जोडून घेतात. नियम एकच. वाटेवरून चालायचं, वाकून बघायचं, तोडायचं नाही.

घट आणि किल्ला

नवरात्रात आपल्या घरोघरी एक प्रयोग होतो, आपण त्याला प्रयोग म्हणत नाही एवढंच. घटाखाली माती, तीत धान्य पेरायचं, नऊ दिवस पाणी शिंपायचं. दसऱ्याला ते धान टोपीत खोवून आपण सोनं वाटायला जातो. मुलांनी विचारलं, 'घटातलं धान पिवळं का?' दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याच दिवशी, त्याच मातीत, तेच गहू एका वाडग्यात पेरले आणि तो खिडकीत ठेवला.

ए विंगमधल्या एका आजींना हे आवडलं नाही. 'देवाच्या घटाची परीक्षा बघता का?' म्हणाल्या. मी म्हटलं, 'घट आहे तिथंच राहू दे, आपण फक्त त्याला एक भाऊ देऊ.' त्यावर त्यांनीच आपल्या घरातली पितळेची वाटी काढून दिली. नवव्या दिवशी देवघरातलं धान उंच, लवचिक आणि पिवळट. खिडकीतलं बुटकं, ताठ आणि हिरवंगार. मुलांनी पट्टीनं उंची मोजली. पाच वर्षांचा एक मुलगा म्हणाला, 'आतलं धान ऊन शोधायला उंच झालंय.' वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक याच गोष्टीला लांबलचक नाव देतील. पुढच्या वर्षी त्या आजींच्या घरी दोन वाडगे आपोआप बसले.

दिवाळीत किल्ला. आपली मुलं नशीबवान. खिडकी उघडली की समोर अजिंक्यतारा, नमुना शोधायला जावं लागत नाही. पण हल्ली तयार किल्ले विकत मिळतात. ते आणू नका. माती चाळणं, विटांवर पोतं टाकून उतार करणं, अळीव पेरून हिरवळ आणणं, हे सगळं हातानंच करायचं. एका उताराला अळीव पेरा आणि एक मोकळा ठेवा. चार-पाच दिवसांनी झारीनं दोन्हीवर सारखंच पाणी सोडा. कुठली माती वाहून जाते, ते पोरंच सांगतील. ज्यांनी ते डोळ्यांनी बघितलं, त्यांना डोंगरावरचं गवत का जाळू नये, हे भाषणात सांगावं लागत नाही.

हिवाळा

हिवाळ्याचा थर्मामीटर प्रत्येकाच्या मोरीत आहे. खोबरेल तेलाची बाटली! साधारण २४ अंशांच्या खाली तेल थिजायला लागतं. शेंगतेल मात्र पातळच राहतं. 'दोन्ही तेलंच, मग असं का?' हा प्रश्न नोव्हेंबरात पडतो आणि मार्चपर्यंत पुरतो. कुठल्या खोलीत आधी थिजतं, कुठली भिंत उन्हाची, सगळं घर मुलं पालथं घालतात.

आणि सावली. तीस सेंटीमीटरची काठी सपाट जागी ओळंब्यात उभी करायची आणि दुपारी साडेबाराला सावली मोजायची. बारा का नाही? आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे, ८२.५ अंशांवर. आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेवर अर्धा तास उशिरा येतो. डिसेंबरच्या एकवीस-बावीस तारखेला आमच्या काठीची सावली जवळजवळ २६ सेंटीमीटर भरली. पुढे ती कमी कमी होत गेली, संक्रांतीला साडेचोवीस.

इथं एक मजा झाली. दुसरीतली एक मुलगी तक्रार घेऊन आली. 'आजोबा, सगळे म्हणतात संक्रांतीपासून दिवस मोठा होतो. पण वहीत सावली आधीच लहान व्हायला लागलीय.' तिला मी विचारलं, 'मग कोण खरं?' ती जरा घाबरली, पण म्हणाली, 'वही.' बरोबर होतं तिचं. सूर्य वळतो डिसेंबरच्या एकवीस-बावीसला. संक्रांत आपण ताऱ्यांच्या राशीवरून धरतो, आणि पृथ्वीच्या आसाच्या संथ भोवऱ्यामुळे साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस असं ते अंतर वाढत गेलं आहे. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही जवळपास एकाच दिवशी येत होते. तिळगूळ गोडच आहे, तो खायचाच. पण सात वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या मोजमापावर विश्वास ठेवला, याचा मला फार आनंद झाला.

उन्हाळा

सांगलीची हळद. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, हे जुन्या लोकांना माहीत आहे. रंगपंचमीच्या आधी आम्ही तिच्यावर एक रविवार घालवतो. पाण्यात हळद कालवून पांढऱ्या कागदावर फासायची आणि कागद वाळवायचा. मग कापसाच्या बोळ्यानं साबणाचं पाणी लावायचं. कागद लाल! त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा. पोरं अर्धा तास लाल-पिवळं करत बसतात. मग घरातली एकेक वस्तू आणतात. ताक, खायचा सोडा, चिंचेचं पाणी. कोण लाल करतो आणि कोण करत नाही, अशा दोन याद्या होतात. आम्ल आणि अल्कली हे शब्द सातवीत येतील तेव्हा येतील, याद्या तयार आहेत. हळदीत चुना घालून कुंकू करतात, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. मुलांच्या हातात चुना मात्र देऊ नका, डोळ्यात गेला तर वाईट.

दुसरा पदार्थ तासगावकडचा. एक किलो द्राक्षं तराजूत मोजून घ्यायची, मोठ्या माणसानं क्षणभर उकळत्या पाण्यातून काढायची, म्हणजे सालीला बारीक भेगा पडतात. मग जाळीखाली गच्चीवर वाळवायची. दर दोन दिवसांनी वजन करायचं. बेदाणे होईपर्यंत किलोचे साधारण अडीचशे ग्रॅम उरतात. साडेसातशे ग्रॅम कुठं गेले? आमच्या बँकेत एवढा फरक आला असता तर शाखेचं शटर बंद झालं नसतं. पोरांनी आधी कावळ्यावर संशय घेतला, मग एकमेकांवर. शेवटी एकानं ओला रुमाल वाळत टाकला, आधी आणि नंतर त्याचं वजन केलं, आणि म्हणाला, 'पाणी हवेत गेलं.' कुठं जातं हवेतलं पाणी? जूनमध्ये बाटलीत परत येतं. वर्षाचा हिशोब असा टॅली होतो.

आणि मे महिन्यात शून्य सावली. सांगलीत ६-७ मेला आणि साताऱ्यात १० मेच्या आसपास, दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. सांगलीहून नातीचा फोन आला, 'आमची सावली हरवली.' इथल्या मुलांची हरवायला अजून तीन दिवस होते. पहिलीतला एक मुलगा म्हणाला, 'सूर्य सांगलीहून साताऱ्याला यायला तीन दिवस लावतो? एसटी अडीच-तीन तासात येते!' त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला, अजिंक्यताऱ्याच्या बाजूला पडते. आपल्यापैकी किती जणांनी हे बघितलं आहे? सूर्याकडे थेट बघायचं नाही, फक्त सावलीकडे, हा नियम पोरांना आता तोंडपाठ आहे.

हे काही मी शोधलेलं नाही

कुणाला वाटेल, म्हाताऱ्याची ही काहीतरी नवी टूम. तसं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर हेच केलं. परदेशी पद्धतीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं, खडे यांवर त्यांनी बालवाडी उभी केली. अरविंद गुप्ता हे आयआयटीत शिकलेले इंजिनिअर. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि रद्दी कागद यांतून त्यांनी हजारो मुलांना विज्ञानाची खेळणी करायला शिकवलं. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते अनेक वर्षं काम करत होते.

आपल्याच जिल्ह्यात बघा. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू केलं. मूळच्या अमेरिकेच्या बाई, पण मुलांनी मराठीतून आणि स्वतःच्या अनुभवातून शिकावं, यासाठी त्यांनी आयुष्य घातलं. आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचं कुमठे बीट! प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी आणि तिथले शिक्षक यांनी खडे, काड्या, बिया, बाटल्यांची झाकणं घेऊन वर्गाची फरशी हीच पाटी केली. ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून आले. २०१५ साली सरकारनं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आणला, त्याआधी हे आपल्या जिल्ह्यात चाललं होतं. आता २०२० चं शैक्षणिक धोरणही तीन ते आठ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा धरतं आणि त्यात खेळ आणि कृती यांवर भर द्यायला सांगतं. म्हणजे गावच्या शाळेतलं मूल फरशीवर बिया मोजतंय आणि आपल्या ब्लॉकमधलं मूल तीन हजारांचं चकचकीत किट एकदा उघडून कपाटावर ठेवतंय.

तुमच्या शंका

पहिली शंका, वेळ. नोकरी करणाऱ्या आई-बापांना मी दोष देणार नाही. पण रोज दोन मिनिटं एक आकडा लिहायला लागतात. रिकरिंग डिपॉझिटसारखं आहे. हप्ता लहान असतो, चुकवायचा मात्र नाही.

दुसरी, माती, डास, विंचू. बाटलीतलं पाणी रोज ओतायचं, साठवायचं नाही. दगड उचलायचा तो मोठ्यांनी. कात्री, उकळतं पाणी आणि नदी यांच्याजवळ मूल एकटं नको. काहीही चाखायचं नाही आणि शेवटी हात धुवायचे. तीन वर्षांत दोन गुडघे फुटले, तेही पळताना.

तिसरी, मार्क. खरं सांगतो, मार्क वाढतील असं वचन मी देत नाही. एवढं बघितलं आहे, की या मुलांना 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटत नाही. 'बघू या' असं ती लगेच म्हणतात.

मागणी

आता मागणी. आपण २००० साली इथं राहायला आलो तेव्हा या प्लॉटच्या चारी बाजूंनी ज्वारीची रानं होती. पंचवीस वर्षांत आपण पुढचं अंगण, बाजूच्या पट्ट्या, झोपाळ्याखालची जागा सगळीकडे पेव्हर बसवले. ते गरजेचंही होतं, चिखल होत होता. आता उघड्या मातीचा एकच तुकडा उरला आहे. बी विंगच्या मागचा कोपरा, साडेचारशे चौरस फूट. जानेवारीतल्या विशेष सर्वसाधारण सभेपुढे त्याचं पार्किंग करायचा ठराव येणार आहे. त्यात तीन गाड्या बसतील.

गाड्यांची अडचण मला कळते. माझी स्वतःची गाडी रस्त्यावर उभी असते आणि दोनदा तिचा आरसा तुटला आहे. तरीही मी सभासदांना विनंती करतो, की हा कोपरा मातीचाच राहू द्या. मृगाचा किडा पेव्हरमधून वर येत नाही. तीन गाड्यांसाठी दुसरी जागा शोधता येईल, आणि त्यासाठी कमिटीबरोबर बसायला मी तयार आहे. आपल्या सोसायटीत आज आठ वर्षांखालची चौदा मुलं आहेत. त्यांना हात लावायला दुसरी माती नाही.

बाकी दोन गोष्टी लहान आहेत. ऑफिसातल्या कपाटाचा एक कप्पा मुलांच्या वहीला, भिंगाला आणि दोन थर्मामीटरना द्यावा. आणि प्रत्येक कुटुंबानं वर्षातला एक रविवार द्यावा, कारण मी आता चौऱ्याहत्तरचा आहे आणि हे काम एका माणसाच्या गुडघ्यांवर ठेवणं बरं नाही. खर्च तीन हजारांच्या आत आहे. पहिल्या वर्षाचा माझ्याकडून, वर्गणी नको. पावत्या खजिनदारांकडे जमा करीन.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक निरोप. येत्या रविवारी २१ डिसेंबर आहे, वर्षातली सगळ्यात लांब दुपारची सावली. बरोबर साडेबाराला बी विंगच्या मागे या. काठी मी आणतो, वही तुम्ही आणा. आई-बाबांनाही घेऊन या, पण त्यांना आधीच सांगून ठेवा, की उत्तर कुणी सांगायचं नाही.

वीस मिनिटं झाली. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.